त्र्यंबक राइडनंतर दिवसभर आडवा पडतो, घरी आल्यावर काय खावं?

अंबड_फर्स्टशिफ्ट
नमस्कार मंडळी. वय 47, वजन 68, नाशिकच्या अंबडला कारखान्यात आहे. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याची गिअरची सायकल घरात पडून होती. डिसेंबरपासून दर रविवारी सिडकोतून त्र्यंबक करून येतो, जाऊन-येऊन 60 किलोमीटरच्या आसपास. साडेपाचला चहा-बिस्किटं खाऊन निघायचं, त्र्यंबकला पुन्हा चहा, येताना सातपूरला ग्रुपबरोबर मिसळ. साडेदहापर्यंत घरी.

त्रास त्यानंतर सुरू होतो. अंघोळ झाली की डोकं ठणकतं, जळजळ होते, जेवणाची वासनाच राहत नाही. दोन ते पाच गाढ झोप. सोमवारी सकाळी सातला मशिनपुढे उभं राहायचं असतं आणि मांड्या नुसत्या भरलेल्या. परवा जिना उतरताना कठडा धरावा लागला. बायको म्हणते, बंद करा ती सायकल. मला बंद करायची नाहीये, किती वर्षांनी सकाळी उठावंसं वाटतंय. पंढरपूरच्या सायकलवारीला जायचंही मनात आहे. प्रोटीन पावडर आणू का?

गोदाकाठची
दादा, पावडर राहू द्या. राइडमध्ये पाणी किती पिता? आणि घाम वाळल्यावर टी-शर्टवर पांढरे डाग दिसतात का?

अंबड_फर्स्टशिफ्ट
750 ची एक बाटली, तीही पूर्ण संपत नाही. डाग तर दिसतात ताई. काळ्या टी-शर्टवर पाठीला मोठी पांढरी रेघ उमटते, नखाने खरवडली तर भुकटी निघते.

गोदाकाठची
ती भुकटी म्हणजे मीठ. तुमच्या डोकेदुखीचं मूळ बहुतेक तिथेच आहे. माझ्या पहिल्या 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) मी नुसतं पाणी आणि चहावर राहिले होते, घोटीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बसून ओकले. तेव्हापासून राइड संपल्यावर आधी मीठ-पाणी, मग जेवण, हा क्रम मी मोडत नाही.

रविवारी निघताना आणि आल्यावर वजन करा, घामाचे कपडे काढून. जितकं उतरलं असेल त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. घटाघट नाही, थोडं थोडं. पहिला लिटर साधा नको: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. मिठाचं माप वाढवू नका.

साखरेचं गोड पाणी नको वाटलं तर नागलीची, म्हणजे नाचणीची आंबील. आमच्याकडे शनिवारी रात्रीच दोन चमचे नागलीचं पीठ ताकात कालवून ठेवते. सकाळी पाण्यात शिजवून गार करायची आणि वरून पातळ ताक, मीठ, भरडलेलं जिरं. डोकं जड असताना भात समोर नको वाटतो, पण ही आंबील उतरते. त्र्यंबक-पेठकडची नवी नागली मिळाली तर रंगच वेगळा येतो, विटकरी.

मग तासाभरात जेवण. 60 किलोमीटरमध्ये मांड्यांतली साठवलेली साखर बरीच खर्च होते, ती भाताने भरून निघते. तुमच्या वजनाला साधारण 20 ग्रॅम प्रोटीन एका वेळी पुरे. 50 ग्रॅम मूगडाळीत 12 येतात, मोठ्या वाटीभर दह्यात 6, एका अंड्यात 6. म्हणजे मऊ मुगाची खिचडी, दही, एक उकडलेलं अंडं. झालं तुमचं काम. तूप चमचाभरच, पोट आधीच थकलेलं असतं.

आणि दादा, खरी उपासमार तुम्ही सायकलवर करताय. चार तास चहा-बिस्किटांवर! जाताना महिरावणीच्या आसपास एक केळं, त्र्यंबकला दुसरं, खिशात मूठभर बेदाणे. सध्या द्राक्षं आहेत, घरी आल्यावर तीही खा.

पाथर्डीकर
ताई, मिसळ तोडायची का मग? रविवारची राइड आम्ही त्यासाठीच करतो हो.

गोदाकाठची
मिसळ कशाला तोडायची? मटकी चांगली, पाव चांगला. पण रिकाम्या पोटी वाटीभर तर्री ओतली तर तेल पोटात रेंगाळतं, जळजळ होणारच. आधी मीठ-लिंबाचं पाणी, मग मिसळ, तर्री बेताची, दही जास्त. आणि ते जेवण समजू नका, बारा वाजता खिचडी खायचीच.

इंदिरानगर_जुना_सायकलस्वार
ताईंचं पटलं. एकच सांगतो, दादा, बीपीची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून करा, मलाही विचारावं लागलं. पावडर वाईट नसते, पण डाळ, दूध, अंडी, फुटाणे रोज पोटात जात असतील तर तिच्यावर पैसे घालवू नका. आपल्याच नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून इथे प्रत्येकाला वाटतं डब्यातल्या पावडरीशिवाय सायकल चालत नाही. त्या शर्यतीत दिवसरात्र आळीपाळीने सायकल चालते. आपल्याला दुसऱ्या दिवशी फक्त ड्युटीवर जायचंय. त्याला रविवारचं रात्रीचं जेवण नीट झालं पाहिजे: भाकरी, उसळ, भात. आणि झोप रात्रीच काढा.

अंबड_फर्स्टशिफ्ट
गोळी नाही, बीपी नॉर्मल आहे. आज करून पाहिलं. निघताना 68.2, आल्यावर 66.7, तेही दोन बाटल्या संपवून! दीड किलो उतरलं, म्हणजे ताईंच्या हिशोबाने दोन लिटरच्या वर पाणी, ते दुपारी दोनपर्यंत संपवलं. अंजनेरीला एक केळं, त्र्यंबकला एक. मिसळ खाल्ली, तर्री अर्धी. बायकोने खिचडी टाकली होती, तिच्याबरोबर दही आणि अंडं. डोकं दुखलं नाही. झोपलो, पण चाळीस मिनिटंच, मग तिच्याबरोबर भाजी आणायला गेलो. मांड्या अजून जड आहेत, उद्या सातला कळेल. ताई, आंबिलीला नागलीचं पीठ गिरणीतून बारीक दळून आणायचं की भरड?