इंडियानाने हायस्कूल बास्केटबॉलचे चार क्लास करून काय मिळवलं?

अण्णांचा_नातू
अमेरिकेच्या इंडियाना राज्यात 1911 पासून 1997 पर्यंत मुलांची स्टेट टूर्नामेंट एकच असायची, दीडशे पोरांची खेड्यातली शाळा असो नाहीतर दोन हजारांची शहरातली, सगळे एकाच ड्रॉमध्ये आणि चॅम्पियन एकच. 1997-98 च्या सीझनपासून पटसंख्येवर शाळांचे चार क्लास (गट) पाडले, आता दरवर्षी चार चॅम्पियन आणि कोणालाच कोण जिंकलं ते आठवत नाही. 1954 ला मायलन शाळेने, पट फक्त 161, मन्सी सेंट्रलला 32-30 ने हरवलं. मायलनचा बॉबी प्लम्प शेवटच्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांच्या वर बॉल धरून नुसता उभा, तेही टीम दोन पॉइंटने मागे असताना (ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं शॉट क्लॉक नव्हतं हो तेव्हा), आणि शेवटचा शॉट पण त्यानेच मारला. असलं काही आता होईल का? माझ्या मते चार क्लास करणं हा शुद्ध करंटेपणा होता.

गोटीराम
झालं, आलं मायलन! त्यानंतर 97 पर्यंत 43 वर्षं तीच सिस्टिम होती ना, मग एवढ्या लहान शाळेने परत एकदा तरी जिंकलं का? नाही. म्हणजे शेकडो शाळांनी दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या मॅचला मार खाऊन घरी जायचं, का तर तुम्हाला एक गोष्ट सांगायला मिळते म्हणून. त्या पोरांना विचारा की.

शिट्टीवाला
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. लहान शाळा संपल्या त्या 1959 च्या कायद्याने, क्लास नंतर आले. शाळा एकत्र करा म्हणून सरकारने जोर लावला आणि गावोगावची हायस्कुलं विलीन झाली, टूर्नामेंटला एकेकाळी सातशेच्या वर शाळा यायच्या त्या 97 ला चारशेच्या आत. शाळा गेली की टीमचं नाव, जर्सीचा रंग, शेजारच्या गावाशी असलेली खुन्नस सगळंच गेलं. ती अवाढव्य जिम्स मात्र उरली. न्यू कॅसलचं 1959 सालचं फील्डहाऊस बघा, हायस्कूलच्या जिममध्ये नऊ हजारांच्या आसपास सीट्स! मोठी जिम असली की सेक्शनल (टूर्नामेंटची पहिली, स्थानिक फेरी) आपल्याकडे भरवायला मिळायची, तिकिटाचे पैसे यायचे, म्हणून गावागावात चढाओढ.

निर्मला_का
'सगळे एकाच ड्रॉमध्ये' हे वाचून हसू आलं. 1942 पर्यंत कृष्णवर्णीयांच्या आणि कॅथलिक शाळांना ही टूर्नामेंट भरवणाऱ्या राज्याच्या असोसिएशनमध्ये घेतच नव्हते. इंडियानापोलिसचं क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल 1927 चं, म्हणजे पंधरा वर्षं बाहेर. जिम इतकी लहान की होम मॅचेस दुसरीकडे खेळायच्या. 1954 ला मायलनने फायनलच्या आधी ह्याच ॲटक्सला 65-52 ने हरवलं, तेव्हा ॲटक्सचा ऑस्कर रॉबर्टसन (पुढे मोठा नावाजलेला खेळाडू) लहान होता, पण 55 ला ॲटक्सने स्टेट जिंकली आणि 56 ला तर एकही मॅच न हरता. बरं, 55 च्या विजयाची मिरवणूक डाउनटाउनमधल्या मॉन्युमेंट सर्कलला एक फेरी मारून पुढे कृष्णवर्णीय वस्तीतल्या पार्ककडे पिटाळली. 1986 ला सिनेमा कोणावर निघाला? मायलनवर बेतलेला. मुलींची टूर्नामेंट तर 1976 ला सुरू झाली, तिची आठवण इथे कोणालाच नाही.

अण्णांचा_नातू
निर्मलाताई, सगळं मान्य, पण ॲटक्सच्या विजयाचं मोल एवढं का? समोर सगळं राज्य होतं म्हणूनच ना! क्लास असते तर ॲटक्स 'अमुक क्लासची चॅम्पियन' झाली असती, बास. आणि 1990 च्या फायनलला इंडियानापोलिसच्या डोम स्टेडियममध्ये 41,046 माणसं होती, पब्लिकला एकच फायनल आवडत होती.

गोटीराम
गर्दी सगळ्यात जास्त, म्हणून नियम तोच ठेवा? आणि क्लास पाडूनही सगळं सुरळीत नाही, सतत जिंकणाऱ्या शाळेला वरच्या क्लासमध्ये ढकलायचा नियम नंतर आणावा लागलाच. पण लहान शाळेच्या भिंतीवर चॅम्पियनचा बॅनर तर लागतो.

शिट्टीवाला
शेजारच्या केंटकी राज्यात अजून एकच टूर्नामेंट आहे. सोळा रीजन (विभाग), प्रत्येकाचा विजेता स्टेटला, त्यामुळे डोंगराळ भागातली शाळा तिथपर्यंत पोचतेच. 1928 ला कार क्रीक नावाची चिमुकली शाळा फायनलला चार ओव्हरटाइम खेळली, ॲशलँडविरुद्ध, स्कोअर 13-11.

गोटीराम
हरलीच ना शेवटी?

शिट्टीवाला
तेव्हा हरली. 1956 ला त्याच शाळेने स्टेट जिंकली, ड्रॉ तोच, सगळ्यांचा एकच. पुढे तीही विलीन झाली म्हणा.