मदत हवी आहे: नेटवर्क कार्डचा आर८१६८ ड्रायव्हर न चढल्यास (लोड न झाल्यास) आर८१६९ ड्रायव्हरवर आपोआप परतता येईल का?

डेबियन १२ लिनक्स, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१, रिअलटेकची गिगाबिट नेटवर्क चिप (पीसीआय आयडी १०ईसी:८१६८). कर्नलसोबत येणारा आर८१६९ चालतो. त्याचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमधून येतं, तेही बसवलंय. तुलनेसाठी उत्पादकाचा आर८१६८ डीकेएमएसमधून (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारी यंत्रणा) बसवलाय.

अडचण वेगाची नाही, अपग्रेडची आहे. आर८१६९ कर्नलबरोबरच बांधला जातो, त्यामुळे कर्नल बदलला तरी जुळतो. आर८१६८ मात्र प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल व्हावा लागतो. हेडर्सचं पॅकेज (कंपाइलसाठी लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) मागे राहिलं किंवा कर्नलमधलं एखादं फंक्शन बदललं की बिल्ड फसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, कर्नल घेतच नाही. त्यात माझ्याकडे आर८१६९ ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप न चढवायच्या मॉड्यूलच्या यादीत) आहे, म्हणजे एक चढत नाही आणि दुसऱ्याला मनाई. मशीन दूर असेल तर संपलंच!

विचार असा आहे: मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणारी कमांड) फाइलमधली ब्लॅकलिस्टची ओळ काढायची आणि सॉफ्टडेपने (मॉड्यूलचा क्रम सांगणारी ओळ) आर८१६९ च्या आधी आर८१६८ चढवायचा. तो सापडला नाही तर आर८१६९ कार्ड ताब्यात घेईल.

हे कोणी प्रत्यक्ष वापरतंय का? विशेषतः इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) दोन्ही मॉड्यूल असताना हाच क्रम टिकतो का, की एकच तिथे ठेवावं? आणि फसलेला बिल्ड रीबूटच्या आधी कसा पकडता? सध्या डीकेएमएसचं स्टेटस हाताने बघावं लागतं.

‘फक्त आर८१६९ ठेवा’ हे उत्तरही चालेल, पण कारणासकट.