विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या विहिरीला लागूनच पेट्रोल पंप आहे. पावसाळ्यानंतर पाण्याला वास येतोय, वर रंगीत तवंगही दिसतो. मोटर बंद ठेवली आहे. पंपवाले म्हणतात, टाकी ठणठणीत आहे. म्हणणारच!

तवंग उपसता येईल, पण खरी धास्ती पेट्रोलमधल्या, पाण्यात विरघळणाऱ्या बेंझिन या विषारी रसायनाची आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा लिटरला फक्त 10 मायक्रोग्रॅम. उकळावं, तर त्याची वाफ घरात पसरणार. शिवाय खाली बेसाल्टचा काळा खडक, त्याच्या भेगांतून ते कुठवर गेलं असेल देव जाणे.

बेंझिन आणि टोल्युइन (पेट्रोलमधलंच आणखी एक रसायन) तपासणारी खात्रीची प्रयोगशाळा कुठे आहे? नमुना कशात न्यायचा? आधी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची की ‘पेसो’कडे (पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था)? जमिनीत मुरलेल्या पेट्रोलची वाफ यंत्राने ओढून काढायची पद्धत आमच्या चिकण काळ्या मातीत चालेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर खर्चासकट सांगा.