पणजीच्या चित्रावरून घराण्याची श्रीमंती ठरवता येते का?

प्रश्न
कोल्हापुरातील आमच्या जुन्या घरात पणजीचे रंगवलेले छायाचित्र आहे; ते साधारण १९२० च्या सुमाराचे असावे. गळ्यात साज, ठुशी व पुतळ्यांची माळ, नाकात नथ, हातात पुस्तक, शेजारी कोरीव खुर्ची आणि मागे खांबांचा महाल दिसतो. एवढ्यावरून घराणे सरंजामदार होते असे नातेवाईक ठामपणे सांगतात. हे कितपत ग्राह्य धरावे?

उत्तर १
गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिने घडवण्याचे काम करतो, म्हणून सोन्यापुरते सांगतो. साजाची पाने पातळ पत्र्यावर ठसा मारून करतात आणि आत लाख भरतात. त्यामुळे दागिना भरघोस दिसला तरी त्यात सोने बेताचेच असू शकते. भरीव पाटली आणि पोकळ पाटली यांतला फरक तर चित्रात कळतच नाही. शिवाय छायाचित्र रंगवताना दागिने सोनेरी रंगाने उठावदार करण्याची, प्रसंगी नवे घालण्याचीही पद्धत होती. चित्र खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून पाहावे. रंगाचा थर उंच दिसेल, आणि त्याखाली मूळ छायाचित्रात दागिन्याची सावली आहे की नुसतीच साडी आहे, हे बऱ्याचदा कळते.

उत्तर २
महाल आणि खुर्ची हिशेबात धरू नयेत, कारण ते सामान बहुधा स्टुडिओचे असे. ज्या गावात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले, तेथे कापडावर महाल उभा करणे अवघड नव्हते. पुस्तकही त्याच सामानातले असेल.

उत्तर ३
पुस्तकाबाबत मी असहमत आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी यांच्या निधनानंतर विधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची खास व्यवस्था केली. अशा काळात स्त्रीच्या हाती पुस्तक देऊन चित्र काढवून घेणे, मग ते पुस्तक स्टुडिओचे का असेना, हा घराने जाणीवपूर्वक केलेला दावा होता, आणि माझ्या मते तो साजापेक्षा अधिक बोलका आहे. सरंजामाचा निवाडा मात्र कागदांवरच व्हायला हवा. त्यासाठी सनदा, इनामपत्रे व घरातील वाटणीपत्रे तपासावीत, आणि ती चाळताना पणजींच्या नावापुढे अंगठा आहे की सही, हेही आवर्जून पाहावे.