व्यवसायासाठी फायबर इंटरनेट : उपकरणे बसवतानाचे नागपूरकरांचे अनुभव

नागपुरात दुकान, दवाखाना, गोदाम किंवा छोटा कारखाना, कुठेही गेले तरी भिंतीवर फायबरचा पांढरा डबा दिसतो. परंतु त्या डब्याच्या पुढची मांडणी कशी करावी, याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले फार कमी सापडते. सेवा देणाऱ्या कंपनीची जबाबदारी बहुतेक वेळा ओएनटीपाशी, म्हणजे या डब्यापाशी संपते आणि राउटर, स्विच (एकाच जोडणीला अनेक संगणक जोडून देणारा डबा), वायरिंग व वीजपुरवठा हे सारे आपल्याकडे येते. ही हद्द जोडणी घेतानाच ठरवून घेतली, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले किंवा उभे राहून करवून घेतले, त्यांनी आपला अनुभव तपशिलात लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो.

करसल्लागार कार्यालय, धरमपेठ

तंत्रज्ञ जोडणी करून निघण्यापूर्वी पॉवर मीटरवरचा, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा मी लिहून घेतला आणि त्याचा चिठोरा ओएनटीच्या पाठीवर चिकटवला. आकडा उणे १९ डीबीएमच्या आसपास होता (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप; उणे आकडा वाढला की प्रकाश कमी झाला). साधारणपणे उणे २७ च्या खाली प्रकाश गेला की जोडणी अडखळू लागते, आणि दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतले तर या नोंदीचे मोल कळते. पुढे एका पावसाळ्यात इंटरनेट वारंवार तुटू लागले, तेव्हा ‘तुमचा राउटर खराब आहे’ असे उत्तर मिळाले. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा उणे २८ हा आकडा जुन्या नोंदीशेजारी ठेवून पाठवल्यावर मात्र माणूस आला आणि खांबावरचा सांधा बदलून गेला.

दुसरी गोष्ट एमटीयूची, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या कमाल आकाराची. आम्ही ओएनटी ब्रिज मोडवर ठेवून, म्हणजे त्याला फक्त माहिती पुढे सोडायला लावून, पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या पद्धतीचे) लॉगिन आपल्या राउटरवर घेतले आहे. पीपीपीओईची ८ बाइट वजा जाता नेहमीच्या १५०० बाइटचे १४९२ उरतात. हा आकडा राउटरवर नीट बसला नाही, तर बहुतेक संकेतस्थळे सुरळीत उघडतात आणि नेमकी एखादी, तीही विवरणपत्र अपलोड करताना, अडकून बसते. वेगाची चाचणी उत्तम येते, त्यामुळे दोष कुठे आहे ते सहज उमगत नाही.

घाऊक कापड व्यवसाय, गांधीबाग

आमच्या जागेत आधीच्या भाडेकरूने केलेले वायरिंग होते. ३०० एमबीपीएसची योजना घेतली, ओएनटीला थेट लॅपटॉप लावला की पूर्ण वेग मिळे, गल्ल्यावरच्या संगणकावर मात्र ९४ च्या वर काही जाईना. ९४ हा आकडा दिसला की कंपनीला फोन करण्याआधी आपली वायर पाहावी, कारण १०० एमबीपीएसच्या दुव्यावर हातात तेवढाच वेग पडतो. प्लग उघडून पाहिला, तर आठपैकी चारच तारा बसवलेल्या होत्या; गिगाबिटला आठही लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तारेचे टोक ब्लेडने खरवडल्यावर तांबूस थराखाली पांढरट ॲल्युमिनियम दिसले. अशी वायर स्वस्त मिळते, पण कॅमेऱ्यांना त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर ती तापते आणि लांबवर व्होल्टेज पडते. आम्ही सारे वायरिंग शुद्ध तांब्याच्या कॅट सिक्स प्रकारच्या वायरीत नव्याने करवून घेतले.

सुटे भाग निर्मिती, हिंगणा एमआयडीसी

येथे मुख्य शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक, आणि बहुतेक साध्या राउटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतचीच हमी असते. म्हणून ओएनटी व राउटर शेडमधून काढून कार्यालयाच्या खोलीत आणले आणि रॅक जमिनीपासून फार उंच ठेवला नाही, कारण गरम हवा छताशी साठते.

दोन इमारतींच्या मध्ये मात्र तांब्याची वायर अजिबात टाकू नये, हे मी आग्रहाने सांगतो. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि त्याचा फटका स्विचच्या पोर्टला, म्हणजे वायर लावायच्या खाचेला, बसतो. आमच्याकडे आता त्या अंतरात फायबर आहे व दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर व तांब्याची वायर यांना जोडणारे डबे) आहेत. बाहेरून येणाऱ्या फायबरला आधारासाठी पोलादी तार असते. काच वीज वाहत नाही, परंतु ती तार वाहते, म्हणून ती भिंतीबाहेरच थांबवून घ्यावी.

दवाखाना, धंतोली

ओएनटी ब्रिज मोडवर ठेवून आपला राउटर लावण्याच्या वरील पद्धतीशी मी पूर्ण सहमत नाही. ज्यांच्याकडे जाळे सांभाळणारा माणूस नाही, त्यांनी कंपनीचाच डबा राउटर म्हणून ठेवणे सोयीचे, कारण बिघाड झाल्यास टोलवाटोलवी होत नाही. जाळ्याची विभागणी मात्र कुठल्याही परिस्थितीत करावी. आमच्याकडे नोंदणी व क्ष-किरणांचे संगणक एका व्हीलॅनवर (त्याच उपकरणांवर केलेल्या वेगळ्या आभासी जाळ्यावर), कॅमेरे दुसऱ्यावर आणि प्रतीक्षा कक्षातील वायफाय तिसऱ्यावर आहे. रुग्णाच्या नातेवाइकाच्या मोबाइलवरून अहवालांच्या संगणकापर्यंत वाटच उरत नाही. रुग्णांची माहिती ही आपल्यावर सोपवलेली ठेव आहे, त्यामुळे या खर्चात काटकसर करू नये.

स्टेशनरी दुकान, सीताबर्डी

माझी सूचना छोटी आहे. कूलरच्या झोतासमोर किंवा त्याच्या प्लगवर नेटवर्कचा स्विच लावू नका. ओलसर हवेने पोर्टच्या धातूच्या पट्ट्या गंजतात.

धान्य अडत, कळमना

घरून गोदामाचे कॅमेरे व हिशेब पाहायचे होते. राउटरला मिळालेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) १०० ने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ मधला असेल, तर तो कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट आत येता येत नाही. आम्ही स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घेतला, तरीही रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (दुरून संगणक चालवण्याची इंटरनेटवरची वाट) उघडा सोडला नाही. राउटरवर वायरगार्ड (दुरून सुरक्षितपणे आत येण्याचे व्हीपीएन सॉफ्टवेअर) बसवून त्याच वाटेने आत येतो.

लिलावाच्या वेळी इंटरनेट गेले तर व्यवहार थांबतात, म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या. दुसरी घेताना ती कुठल्या खांबावरून येते हे रस्त्यावर जाऊन पाहिले. दोन्ही वायरी एकाच खांबावर असतील, तर एकाच धक्क्यात दोन्ही जातात. शिवाय फायबर तुटले तरी ओएनटीला वीज मिळत राहते, त्यामुळे राउटरला त्याचा पोर्ट जिवंतच दिसतो व तो दुसऱ्या जोडणीकडे वळत नाही. त्यासाठी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग करून, म्हणजे लहान संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून, निर्णय घेण्याची सोय राउटरवर चालू करावी लागते. तपासणी करताना ओएनटी व राउटरमधली वायर न काढता ओएनटीचा फायबरचा हिरवा प्लग हळूच काढावा, लाल दिवा लागू द्यावा आणि चालू असलेले बिल दुसऱ्या जोडणीवरून पूर्ण होते का, ते पाहावे. त्या प्लगचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, त्यामुळे ते सरळ टोकाच्या निळ्या प्लगशी कधीही जोडू नये आणि त्याला बोटही लावू नये.