माशांना माशा, धरसोड आणि ढवळाढवळ

मालवी आत्या:
मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. आमचा भाचा इंदूरची चांगली नोकरी सोडून हिमाचलात तीर्थन नदीकाठी होमस्टे चालवायला गेलाय आणि तिथे तो ट्राउट नावाच्या माशासाठी गळ टाकतो, तेही काठावर बसून नाही तर मांडीभर पाण्यात उभं राहून. त्यातले नीतिनियम म्हणजे कोणाच्या पुढे उतरायचं नाही, पाय कसा टाकायचा, मासा हातात कसा घ्यायचा, असं सगळं त्याने मला तासभर फोनवर सांगितलं, अर्धं हिंदीत अर्धं इंग्रजीत. म्हटलं मंडळाच्या दिवाळी अंकाला यावर चार पानं लिहू. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, त्यामुळे शब्दच नाहीत हो माझ्याजवळ.

पहिली अडचण ऐका. ट्राउटला खरा किडा लावत नाहीत, पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून नकली माशी बांधतात आणि ती पाण्यावर सोडतात. मी लिहिलं, "माशांना माशा आवडतात". आता यात मासा कोण आणि माशी कोण? मासाचं अनेकवचनी सामान्यरूप "माशां", माशीचंही तेच. वाचणाऱ्याने काय समजायचं? वर आमचे बंधू, म्हणजे त्याचे वडील, सगळ्यांना सांगत फिरतात की पोरगा नोकरी सोडून डोंगरात माशा मारत बसलाय. आणि गंमत म्हणजे ते शब्दशः खरं आहे!

दुसरी अडचण, तो मासा धरून परत सोडून देतो. मग त्याला मासेमारी म्हणू का? त्यात मारणं आलं. "धर-सोड" म्हटलं तर धरसोड वृत्तीचा झाला बिचारा. त्याचे वडील तेही म्हणतातच म्हणा.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
आत्याबाई, धागा मस्त काढलात. मी "गळ" या शब्दावर बोलतो कारण त्यात सगळेच फसतात. मासे धरायचा गळ पुल्लिंगी, "गळ टाकला", "गळाला लागला". बगाडात नवसकऱ्याच्या पाठीला टोचायचे तोही गळ पुल्लिंगीच. पण आग्रह करणं या अर्थी आपण म्हणतो "त्याने मला गळ घातली", तिथे स्त्रीलिंग. म्हणून कोणी "मी नदीत गळ घातली" लिहिलं तर मला वाटतं नदीची विनवणी चाललीये. तेव्हा तुमच्या लेखात टाकला, लावला, सोडला काहीही चालेल, घातली मात्र नको.

आमिषाचंही तसंच. मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस, म्हणून तर सामिष जेवण. गळाला मांस लावायचे म्हणून ते आमिष, आणि पुढे निवडणुकीत साड्या वाटल्या तरी आमिषच. तुमच्या भाच्याच्या नकली माशीत मांसाचा कणही नाही, तर ते निरामिष आमिष झालं, हे जरूर लिहा.

पण एक सांगतो, राग मानू नका. मला ही धरून सोडायची भानगड पटत नाही. भूक असेल तर मारा, खा. नुसतं तोंडात लोखंड टोचून फोटो काढून सोडून देणं याला नीती कसं म्हणायचं? स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्याच इराद्याने मासा धरणं बेकायदा आहे.

तीर्थनचा भाचा:
काका नमस्कार, मीच तो. तुमचं म्हणणं इथेही रोज कोणीतरी म्हणतं आणि माझ्याजवळ पक्कं उत्तर नाहीये. एवढंच सांगतो की ट्राउट इथला मासाच नाही, ब्राउन ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून काश्मिरात आणला, हिमाचलात त्यानंतर. थंड पाण्याशिवाय जगत नाही, नदीतल्या थोड्याच टप्प्यात असतो, प्रत्येकाने धरून खाल्ला तर दोन सीझनमध्ये नदी रिकामी. म्हणून सोडतो. पण सोडलेला मासा जगला पाहिजे ना, नाहीतर काका म्हणतात तेच खरं. गळाच्या टोकाला आतल्या बाजूला जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करतो म्हणजे गळ पटकन निघतो. मासा हातात घ्यायच्या आधी हात ओला करायचा कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण, कोरड्या हाताने तो पुसला जातो आणि मग मासा आजारी पडतो. शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही. पाणी २० अंशांच्या वर चढलं तर त्या दिवशी गळ बॅगेत, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, दमलेला मासा सावरत नाही. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी, विणीचा काळ.

आत्या, त्यावरून आठवलं, तुला सांगायचं राहिलं. मादी शेपटीने गोटे उकरून त्यात अंडी घालते, तिथे तळ कसा घासल्यासारखा स्वच्छ दिसतो. तिथे पाय ठेवला की खालची अंडी चिरडली. आमच्यात कोणी तिथून चालत गेला तर त्याच्याशी कोणी चहासुद्धा घेत नाही.

दांडियाबाजारकर, बडोदा:
आधी एक खुलासा, आमच्या विश्वामित्रीत हे असलं काही करायला उतरू नका, तिथे मगरी आहेत आणि त्या धरून सोडत नाहीत.

आता कामाचं. आत्या, तुमचा शब्द आहे हो! माझी आई मूळची मालवणकडची. तिच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला "गरवणे". "तो खाडीर गरवूक गेलो" असं ती सहज म्हणते. जाळं लावून नाही, पागून म्हणजे फेकजाळं टाकून नाही, फक्त गरीने. आणि त्यात मारणं कुठेच नाही. गरवणे हे क्रियापद घ्या, "गरवून सोडणे" म्हणा, मासेमारी आणि धरसोड दोन्हीपासून सुटका. गरवणारा हाही आपोआप मिळाला.

आईला मी तुमचा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली सोडूचो तर गरवता कित्याक. म्हणजे ती लष्करवाल्या काकांच्या पार्टीत.

मालवी आत्या:
अगदी नेमका शब्द दिलात बडोदेकर. गरवणे! इंदुरात तो कोणी ऐकला नसेल पण एकदा समजावून सांगितला की झालं, नाहीतरी पोहेवाल्याकडचा जीरावन मसाला आपण कोणाला मराठीत समजावला होता.

आता तिसरी अडचण आणि ही खरी अवघड. पाण्यात उतरून चालणं. आपल्याकडे "उतार" शब्द आहे, नदीला उतार आहे म्हणजे पायी पार करता येते, घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, छातीभर ही मापंही आहेत, तेवढ्यावर माझं भागलं. पण भाच्याने एक प्रकार सांगितला त्याला शब्द सुचेना. म्हणजे माणूस प्रवाहात उभा राहतो आणि मुद्दाम पाय तळाशी घासत राहतो, गोट्यांखालचे किडे, अळ्या सुटतात, वाहत खाली जातात, आणि मासे आयतं खायला त्याच्या पायामागे येऊन उभे राहतात, मग हा तिथेच गळ सोडतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत सॅन वान नावाची नदी आहे, नवाहो धरणाच्या खाली, तिथे हे इतकं चालायचं की त्या नदीच्याच नावाने ओळखलं जातं आणि आता तिथे मनाई आहे. मी आधी "पाय घासणे" लिहिलं, पण ते पायपुसण्यावर असल्यासारखं वाटतं.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
अहो ढवळाढवळ!

तळ ढवळतोय तो, आणि दुसऱ्याच्या कारभारातही ढवळाढवळच ती. दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात. यापेक्षा चांगला शब्द मागून मिळणार नाही.

तीर्थनचा भाचा:
काका, हा शब्द मी उद्याच वापरणार. फक्त एक बारकी गोष्ट, पाण्यात चाललो की तळ थोडा ढवळणारच, ते कोणाच्या हातात नाही. दोष इराद्याला आहे, उभं राहून मुद्दाम करण्याला. खाली दुसरा कोणी गरवत असेल तर त्याचं पाणीही गढूळ होतं. म्हणूनच वरच्या अंगाला चढत जाणाऱ्याचा मान पहिला, खाली उतरत येणाऱ्याने बाहेर निघून काठाने लांबून वळसा घालायचा. ट्राउट नेहमी धारेकडे तोंड करून उभा असतो, खालून वर जाणारा त्याच्या पाठीमागून येतो, आणि त्याचा गाळ मागे वाहून जातो, पुढचं पाणी निवळ राहतं. दुसऱ्याच्या डोहात विचारल्याशिवाय उतरायचं नाही हे तर आलंच, इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या लाइनीत मध्ये घुसल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

दांडियाबाजारकर, बडोदा:
आणि ते कोरड्या-ओल्या, म्हणजे तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या नकली माशीचं भांडण? मी कुठेतरी वाचलं की विलायतेत त्यावरून क्लबात वाद झाला होता.

तीर्थनचा भाचा:
झाला होता, लंडनला १९३८ मध्ये. हॅम्पशायरच्या टेस्ट, इचन या नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅलफर्ड नावाच्या गरवणाऱ्या लेखकाने नियमच घालून दिल्यासारखं केलं, माशी पाण्यावर तरंगली पाहिजे, वरच्या अंगालाच टाकली पाहिजे, आणि वर आलेला मासा दिसल्यावरच टाकली पाहिजे. स्क्यूज नावाचा दुसरा गरवणारा म्हणाला की मासा बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो, तर खाली बुडणारी अळीसारखी माशी टाकली तर पाप कसलं? हॅलफर्ड तोवर वारला होता पण त्याचे भक्त होते, आणि ऐंशीला टेकलेल्या स्क्यूजला त्यांच्यापुढे उभं राहावं लागलं. इथे तीर्थनला दोन्ही चालतं.

मालवी आत्या:
अरे हे तर सोवळं-ओवळं झालं की! फक्त उलटं. आमच्या आजीकडे ओलेत्याने पूजा, कोरडा परटघडीचा कपडा विटाळाचा. यांच्याकडे कोरडं ते शुद्ध आणि ओलं ते बाटलेलं. हॅलफर्ड आणि आमची आजी एका स्वयंपाकघरात असते तर काय झालं असतं याचा विचार करतेय. मी "सोवळ्यातली माशी" असाच शब्द ठेवणार आहे, संपादक काय म्हणायचं ते म्हणोत. लष्करवाले काका, तुमचा आक्षेप आणि बडोद्याच्या आईंचा प्रश्न दोन्ही लेखात जसेच्या तसे घालतेय, मलाही त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

आता फक्त माशांना माशा राहिल्या. "ट्राउटला माशी" असं एकवचनात लिहून वेळ मारून नेते, पण मथळ्यात अनेकवचन हवंय, शनिवारी मजकूर द्यायचाय, आणि बंधूंनी मथळा सुचवून ठेवलाय "माशा मारणारा भाचा". तो छापून यायच्या आत कोणीतरी काहीतरी सुचवा.