मोबाइलसाठी घरच्या घरी स्पीकर करायचाय, खरंच फरक पडतो का?

घोडबंदर_वासी:
आई सकाळी स्वयंपाक करताना मोबाइलवर कीर्तन लावते. किचनची खिडकी घोडबंदर रोडच्या बाजूला, त्यात कुकर आणि एक्झॉस्ट चालू, मग बुवा काय सांगतायत तेच कळत नाही. ब्लूटूथ स्पीकर आहे पण तो चार्ज करा, कनेक्ट करा हे तिला नकोच असतं, मोबाइल ठेवला की झालं असं काहीतरी हवंय. घरात पुठ्ठ्याच्या नळ्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि प्लंबरकडून उरलेला २ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पडलाय. यातून काही होईल का?

नौपाडा_काकू:
होईल की. पण कापाकापी करायच्या आधी मोबाइल चिनी मातीच्या मोठ्या बाऊलमध्ये ठेवून बघा, चार्जिंगची बाजू खाली आणि जरा तिरका, भोकं तळाला टेकली की आवाज दबतो. स्टीलचा पेला नको, फार खणखणतो.

ऐरोलीकर:
काकू बरोबर बोलतायत. यात जादा वीज कुठूनच येत नाही, पण मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, त्याचा आवाज चहूकडे पांगतो, कर्णा लावला की तोच आवाज हवेत नीट उतरतो आणि एका दिशेला जातो. जुन्या ग्रामोफोनला कर्णा असायचा तो याचसाठी. खर्ज मात्र मिळणार नाही. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, ध्वनिलहरीची लांबी ३.४ मीटर, तिथे वीतभर कर्णा काय करणार, पण १००० हर्ट्झला ती ३४ सेंटीमीटरवर येते. म्हणजे पखवाज पातळ लागेल पण बुवांचे शब्द कळतील, आणि आईंना तेच हवंय ना!

पुठ्ठा वाफेने मऊ पडतो, पीव्हीसीच घ्या. फूटभर तुकड्याला मधोमध, लांबीच्या दिशेने, मोबाइल उभा जाईल एवढी खाच पाडा, माप कव्हरसकट घ्या. आत तळाला खोडरबराचे दोन तुकडे चिकटवा, मोबाइल त्यावर टेकेल आणि भोकं मोकळी राहतील. आता महत्त्वाचं, चार्जिंगच्या दोन्ही बाजूंना जाळी दिसते पण बऱ्याच मोबाइलमध्ये खालचा स्पीकर एकाच बाजूला असतो, दुसरीकडे माइक. काहीतरी वाजवत ठेवून एकेका जाळीवर बोट दाबा, जिथे आवाज बसेल तो स्पीकर. पाइपचं त्या बाजूचं तोंड उघडं ठेवा, दुसऱ्यात कापडाचा बोळा ठासा. मग २ लिटरच्या बाटलीची मान, ती पाइपएवढी रुंद होते तिथे कापा आणि तो खांद्याचा पसरट भाग टेपने उघड्या तोंडाला लावा. खाचेच्या कडेला जुन्या मोज्याची पट्टी हवीच, फट राहिली की आवाज तिथूनच पळतो, शिवाय मोबाइल खडखडतो.

घोडबंदर_वासी:
बोट ठेवून बघितलं, आमचा स्पीकर उजवीकडे आहे. मस्त माहिती दिलीत दादा, खूप आभार. ठेवायचं कुठे पण, ओट्यावर चालेल?

ऐरोलीकर:
चालेल, गॅस आणि नळापासून लांब. कर्ण्याचं तोंड आईंच्या कानाच्या दिशेने, बाजूला गेलं की आवाज लगेच कमी वाटेल. आणि व्हॉल्यूम फुलच्या एक-दोन पायऱ्या खाली ठेवा, फुलला बऱ्याच मोबाइलचा आवाज फाटतो आणि कर्ण्यातून ते फाटणं जास्तच टोचतं.